ब-दोन म्हंजी पास का नापास?

उत्तरपत्रिका रद्दीत जातात, निकाल कपाटात जातात आणि किस्से मात्र आमच्याच डोक्यात मुक्काम करतात! मी सिडकोतल्या एका शाळेत मराठी शिकवते. मार्कांच्या जागी ग्रेड आल्यापासून तर स्टाफरूममध्ये किश्श्यांचा ढीग लागलाय. आधी पोट धरून हसायचो. आताशा हसायचाही कंटाळा येतो.

*

निकालाचा दिवस. कन्नड तालुक्यातून एक वडील पहिली एसटी पकडून आले होते. पोरगं इथं मामाकडं राहून शिकतं. त्यांनी प्रगतिपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाई, हे ब-दोन काय हाय?"

मी समजावलं. टक्के, श्रेणी, सर्वंकष मूल्यमापन... घसा कोरडा पडला माझा. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी रक्तगट नाय विचारला. पोरगं पास हाय का नाय, तेवढं सांगा!"

*

ते गेले, तर पाठोपाठ एक आई. डोळे लाल. मला वाटलं, घरात काही वाईट झालं की काय!

"मॅडम, हिला अ-दोन? शेजारच्या मुलीला अ-एक आहे. मी कॉलनीत तोंड कसं दाखवू?"

मुलगी खाली मान घालून उभी. आई पाणी प्यायला बाहेर गेली तशी ती जवळ आली आणि हळूच म्हणाली,

"मॅडम, पुढच्या वेळी मला ब द्याल? मग तरी अ-दोन मिळाल्यावर आई हसेल."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

*

आमचे शेख सर गणिताचे. स्पष्टवक्ते माणूस. एकदा मीटिंगमध्ये हेडसरांनी फर्मान काढलं, "यंदा आठवीत एकही ड नको. शाळेची इज्जत जाते."

सगळे वहीत बघत बसले. शेख सर उठले.

"ड मैं निकाल देता सर, एक मिनिट का काम है. पण पोराचं कच्चं गणित कुठं टाकू, ते पण सांगून ठेवा!"

हेडसरांनी चहा मागवला. विषय संपला.

*

ग्रेडसोबत प्रत्येक पोराविषयी दोन ओळी लिहाव्या लागतात. साठ पोरं, आठ विषय. हात गळून जातो. मग जाधव सरांसारखा भला माणूससुद्धा गाईडमधून उतरवायला लागतो.

शंकर नावाचा मुलगा होता. त्याच्यापुढं सरांनी लिहिलं, 'वर्गात नियमित उपस्थित राहतो. गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.' ग्रेड अ-दोन.

शंकरचे वडील शाळेत आले. राग नाही, काही नाही. टोपी काढून हातात धरलेली.

"सर, पोरगं दिवाळीपासून माझ्यासंगं ऊसतोडीला व्हतं. मग तुमच्या वर्गात रोज कोण येत व्हतं?"

त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीच हसलं नाही. जाधव सर चहा तसाच ठेवून तासाला निघून गेले.

*

आणि ही नगमा. सहावीतली, शेवटच्या बाकावरची. सगळ्या विषयांत ड. वर्गात तोंडातून शब्द नाही.

शिक्षक दिनाला पोरंच शिक्षक होतात. आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या, तर मराठीच्या तासाला नगमाचं नाव निघालं. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी ती आईची साडी नेसून आली. पदर सावरता सावरता फळ्यावर लिहिलं, 'माझं घर. पाच ओळी.'

मी मागं बसले होते. तिनं एकेकाला टेबलाजवळ बोलावलं, शेजारी बसवलं आणि त्याचा कागद त्याच्यासमोर वाचला. मधेच विचारायची, "तुझी आजी बरी झाली का?" "पत्रा गळतो तेव्हा तुम्ही झोपता कुठं?" हसणारी पोरं आपली पाळी कधी येते म्हणून बाकावरून उठून बघायला लागली.

तास संपला आणि हेडसर आले. त्यांनी कागद चाळले. एकावरही ग्रेड नाही.

"अगं ए... काय गं तुझं नाव? वेळ पुरला नाही का?"

"पुरला की सर."

"मग ग्रेड का नाही दिली?"

नगमा गोंधळली. तिनं एकदा वर्गाकडं पाहिलं, एकदा सरांकडं.

"सर, मला सगळ्यांची नावं येतात ना!"