मोतीबाईचे ब्लॉक

मोतीबाईला इंग्रजी येत नाही. पण सोनिवलीत आता भातापेक्षा टॉवर जास्त उगवतात, तेव्हा एक शब्द तिच्या तोंडात पक्का बसला होता. ब्लॉक! बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात चौथ्या मजल्यावर दोन ब्लॉक दिले. एकात सगळे राहायचे, दुसऱ्याला कुलूप आणि चावी मोतीबाईच्या कमरेला. खाली अंगण सारवायची सोय उरली नाही, जिथे तिथे पेव्हर ब्लॉक. रविवारी गाड्या बंद, का तर मेगाब्लॉक. "मेल्यांना दुसरा शब्दच मिलत नाय काय?" असं ती सुनेला, रिद्धीला, विचारायची आणि दोघी पोट धरून हसायच्या.

ते हसू बंद पडलं लेकीमुळे, अस्मितामुळे. म्हणजे खरं सांगायचं तर लेकीमुळे नाही, घरच्यांच्याच करणीमुळे.

झालं असं, की जमीन देताना हक्कसोडपत्र करावं लागलं. गावात रीतच आहे ती. लेकींना बोलवायचं, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घ्यायची, आणि वर साडीचोळी देऊन ओटी भरायची, म्हणजे सगळं कसं गोड! मोतीबाईनेही आपल्या भावांसाठी अंगठा दिला होता आणि मिळालेली साडी सासरी मिरवली होती. तिला यात वावगं काही दिसलंच नाही. अस्मिताने सही केली. ओटीतली साडी उचलून आईच्या मांडीवर ठेवली आणि अंबरनाथला आपल्या घरी निघून गेली.

त्या दिवसापासून तिला फोन लागेना. एकदा टिंग व्हायचं आणि तुटायचं. शेवटी रिद्धी चाचरत म्हणाली, "मम्मी, ताईंनी आपल्याला ब्लॉक केलंय." आता घ्या! ज्या शब्दाला हसत होत्या, तोच घरात येऊन बसला. पुढे कितीतरी दिवस मोतीबाई तो शब्दच उच्चारत नव्हती.

आणि मग हरिचंद्र, तिचा नवरा, जेवता जेवता पानावरच कोसळला. उल्हासनगर कॅम्प पाचच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट ब्लॉक. हृदयाला मिळणारा इशारा वरून खाली पोचतच नाही, छातीत मशीन बसवावी लागेल, उद्याच. मोतीबाई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मभर घर डोक्यावर घेणारा माणूस, आता दर घटकेला एकच विचारत होता, "अस्मिता आली काय गं?"

"ती नाय येनार, आई," मुलगा अल्पेश म्हणाला. "तिला भावापेक्षा ब्लॉक मोठा वाटतो."

"आन तुला?" असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण लेकाला दुखवायचं कसं?

रविवार, गाड्या बंद. तिने रिक्षा केली, घरी जाऊन नवऱ्याचे कपडे घेतले आणि कपाट लावताना ती साडी दिसली. नवीकोरी, घडीसुद्धा न मोडलेली. लेकीच्या दारात रिकाम्या हाताने जायचं कसं? अगं बाई, कुठल्या साडीला हात घालते आहेस! पण सांगणार कोण? घातली तिने पिशवीत.

अंबरनाथ पूर्वेला तिसरा जिना चढून बेल वाजवली. अस्मिताने दार उघडलं. आईला बघून क्षणभर तिचं तोंड असं हललं, की आता रडेल. "ये ना," ती म्हणाली. मोतीबाईने आत पाऊल टाकलं आणि सवयीने आधी साडी पुढे केली.

अस्मिताने ती ओळखली.

"आता कुठं सही करायची?" तिने विचारलं.

मोतीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सही नको गं बाय. तुझे बाबा दवाखान्यात हाईत. तुलाच इचारतात सारखे."

अस्मिताने साडी न घेताच पायात चपला अडकवल्या. रिक्षात ती बाहेर बघत राहिली.

हरिचंद्रने लेकीला बघितलं आणि रडायलाच लागला. तिचा हात घट्ट धरला. मग बायकोला म्हणाला, "मोते, पोर केवड्या दिसांनी आली. साडी दिलीस काय तिला?"

मोतीबाईने उभ्या जन्मात नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं. "नाय. दोन ब्लॉकांतला एक तिचा होता. तो आपुन ठेवला आन तिला साडी दिली."

"आई, ही काय वेळ आहे?" अल्पेश दबक्या आवाजात ओरडला. हरिचंद्रने डोळे मिटून घेतले. अस्मिता बापाला झोप लागेपर्यंत हात धरून बसली आणि मग निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मशीन बसली. ठोके ताळ्यावर आले, घाबरायचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोतीबाईने देवाला हात जोडले आणि आधी लेकीला फोन लावला. टिंग. तुटला. अल्पेशच्या फोनवरून लावला, तोही तुटला. बापासाठी धावत आली पोरगी. बाकी घरच्यांसाठी नव्हती आली.

"जा बाबा," ती अल्पेशला म्हणाली. "बाबा वाचले, जाऊन सांग बहिनीला. रिकाम्या हाती नको जाऊ." तिने कमरेची, कुलूपबंद ब्लॉकची किल्ली सोडून त्याच्यापुढे धरली.

अल्पेशने किल्लीकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि त्यात बघत बसला.

मोतीबाईने साडी पिशवीतून काढून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "ही तुला," ती म्हणाली, आणि किल्ली मुठीत घेऊन रिक्षा बघायला स्वतःच खाली उतरली.