खांबाचं पोट

सेलूच्या मोंढ्याकडून स्टेशनकडे जाताना गोजरबाईंचं पत्र्याचं दुकान लागतं. आत एक खराद आहे. त्यावर लाकूड गरगर फिरतं आणि गोजरबाई त्याला पटाशी लावून गोल आकार देतात. बाहेर खुर्चीवर त्यांचे यजमान सूर्यभान बसलेले असतात. खराद मूळ त्यांचाच. कंबर धरली, उभं राहवेना, तशी त्यांनी पटाशी बायकोच्या हातात दिली. माप घेण्याचा लोखंडी कंपास मात्र स्वतःच्या खिशात ठेवला.

तेव्हापासून चौदा वर्षं गोजरबाई लाटणी करतात. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडेही करतात, पण गावाच्या लेखी त्या लाटण्यावाल्या. हे त्यांना कधी खुपलं नव्हतं. खुपलं ते परवा, वाचनालयात.

स्टुलाचे पाय पोचवायला त्या तिथं गेल्या होत्या. मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना तिथं दोन जुने दिवे असत. शिसवी लाकूड, पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी बैठक, तिच्यावर हातभर उंचीचा गोल खांब, खांबावर वरपासून खालपर्यंत उभ्या खाचांच्या पन्हळी आणि माथ्यावर कोरलेल्या पानांची माळ. जुन्या कोर्टकचेऱ्यांच्या दारात असतात तसले खांब, पण टेबलावर मावणारे. त्यातल्या एकाचा खांब वाळवीनं आतून खाल्ला होता. त्या सकाळी झाडताना तो भुगा होऊन खाली आला. बैठक आणि माथा तेवढे शाबूत राहिले.

"शनिवारी मीटिंग आहे," ग्रंथपाल राजेश्री म्हणाली. "परभणीहून दोन प्लास्टिकचे आणायचं चाललंय. मग हा उरलेलाही कपाटात जाईल."

"कपाटात कशाला? खांबच करायचाय ना? मी देते करून."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आबासाहेब हसले. समितीचे अध्यक्ष तेच. "गोजरबाई, हे लाटणं न्हाई."

"शनिवारच्या आत आणते," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

चांगला दिवा टॉवेलात गुंडाळून दुकानात आला, सोबत मोडक्याची बैठक आणि माथा. गोजरबाईंनी त्याला धुतल्या पाटावर ठेवलं आणि कुणी हात लावू नये म्हणून सगळ्यांना बजावलं. सगळे म्हणजे सूर्यभान. त्यांनी कंपासानं खांबाचं बूड मापलं, माथा मापला.

"खाली जाड, वर बारीक. मधी सरळ दोरी धर."

जुन्या पलंगाच्या शिसवी पायात गोजरबाईंनी आधी वायरीसाठी आरपार भोक पाडलं, मग तो खरादावर चढवला. पन्हळी खरादावर होत नाहीत, त्या गोल तोंडाच्या पटाशीनं हातानं काढाव्या लागतात. वीस पन्हळींना दोन दिवस गेले. गुरुवारी दुपारी नवा खांब जुन्याशेजारी उभा केला.

गोजरबाई दोन पावलं मागं सरल्या आणि त्यांनी दोन्ही खांब न्याहाळले.

"उपाशी दिसायलाय," गोजरबाई म्हणाल्या.

"माप बरोबर हाय. पुन्हा लावून दाखवू?"

"माप बरोबर हाय, पर कंबर आत गेल्यावानी वाटतंय. तुमच्यासारखी."

"माझी कंबर गेली ती ह्याच खरादापायी," सूर्यभान म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा बूड मापलं, पुन्हा माथा मापला. दोन्ही मापं तंतोतंत जुळली.

शिसवीचा एकच पाय उरला होता, आणि मधे एक दिवस. गोजरबाईंना आबासाहेबांचं हसू आठवत राहिलं. कपाटात जाणारा दिवाही डोळ्यांपुढं आला. तेवढ्यात एक बाई लाटणं न्यायला आली. गोजरबाईंनी नेहमीसारखं ते उचललं, डोळे मिटले आणि तळव्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. प्रत्येक लाटणं त्या असंच तपासतात. ते बाईच्या हातात देता देता त्या थबकल्या.

चार दिवस दिवा पाटावर होता, आणि भीडेपोटी त्यांनी त्याच्या खांबावरून एकदाही तळवा फिरवला नव्हता.

त्यांनी हात पदराला पुसले, डोळे मिटले. तळवा बुडापासून सावकाश वर निघाला. खालच्या तिसऱ्या भागाशी तो अगदी हलका, गव्हाच्या दाण्याएवढा बाहेर ढकलला गेला आणि मग पुन्हा आत आला. पन्हळींच्या सावल्यांत डोळ्याला हे दिसलंच नव्हतं.

"अवो, ह्याला पोट हाय."

"खांबाला कुठं पोट असतंय?"

"हात लावून बघा की. कंपास खाली लावला, वर लावला, मधी कोण लावणार?"

सूर्यभाननी हात लावला नाही. पण संध्याकाळी गोजरबाईंनी दुसरा पाय खरादावर चढवला तेव्हा खुर्ची ओढत ते आत येऊन बसले. या वेळी खराद दर थोड्या वेळानं थांबे. गोजरबाई डोळे मिटून तळवा फिरवत, पुन्हा चालू करत. शुक्रवारी दिवसभर पन्हळी निघाल्या. या खेपेला हाताला वाट माहीत होती. रात्री खांब जुन्या बैठकीवर बसला आणि वर माथा चढला.

शनिवारी मीटिंगच्या आधी राजेश्रीनं दोन्ही दिवे जागेवर ठेवले. सूर्यभानही रिक्षानं आले होते. आबासाहेब नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, हाताजवळचा दिवा लावला, चष्मा पुसला आणि पेपर उघडला. कापसाचे भाव वाचले. आतलं पान वाचलं. गोजरबाई भिंतीशी उभ्या होत्या. राजेश्री रजिस्टरात तोंड घालून हसू दाबत होती.

शेवटी आबासाहेबांनी मान वर केली. "गोजरबाई, खांब आणणार होता ना? कुठाय?"

"त्याच्याच उजेडात वाचायलाव तुमी."

आबासाहेबांनी चष्मा काढला. हाताजवळचा दिवा पाहिला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा पाहिला, पुन्हा हा पाहिला. मग सूर्यभानकडे वळून विचारलं, "माप लय बारीक घेतलं राव. कसं जमवलं?"

सूर्यभाननी खिशातला कंपास चाचपला. "मला नका इचारू. माझ्या मापाचा खांब दुकानात पडलाय. हे तिच्या हाताचं हाय."

चौदा वर्षांत हे वाक्य गोजरबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी पदर नीट केला, उगाचच.

"आबासाहेब," त्या म्हणाल्या, "लाटणंच हाय ते."

प्लास्टिकच्या दिव्यांचा विषय मीटिंगमध्ये निघालाच नाही. तो उपाशी खांब आता दुकानाच्या दाराला टेका म्हणून लावलेला असतो. कुणी विचारलंच, तर सूर्यभान स्वतःच सांगतात की तो आपल्या मापाचा आहे, आणि गिऱ्हाइकाला आतल्या लाटण्यांकडं बोट दाखवतात.