अक्कांच्या बँडमध्ये मी

माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न एकदा कीबोर्ड या वाद्यावरून अडलं होतं.

वाद्य माझं नव्हतं. मत माझं होतं. रॉक आणि पॉप या विषयावर मला पुष्कळ मतं आहेत आणि ती सगळी पुण्याच्या हॉस्टेलवर, दुसऱ्या वर्षाला, शेजारच्या खोलीतून मागून आणलेल्या एका कॅसेटवर तयार झालेली आहेत. कॅसेटच्या कव्हरवर चार केसाळ इंग्रज होते. त्यातल्या एकाची गिटार सुरू झाली की मेस बंद व्हायची वेळ आली तरी थांबत नसे. त्या कॅसेटनंतर मी मिशी ठेवली (केस वाढवायला वडिलांची परवानगी नव्हती) आणि काही नियम केले. सहा मिनिटांच्या आतलं ते गाणं नव्हे, जाहिरात. प्रेमगीत चालेल, पण प्रेयसी मेलेली हवी. कीबोर्ड आला की रॉक संपला. आणि पाच गोंडस पोरं हातात एकही वाद्य न घेता नुसती नाचतात, त्याला बँड म्हणायचं असेल तर आमच्या सोसायटीच्या झुंबा क्लासलाही म्हणावं लागेल.

आता मी पंचावन्नचा आहे आणि बावीस वर्षं बेंगळुरूत, एचएसआर लेआउटमध्ये राहतो. बायको मंजिरी आणि मुलगी सई यांनी हे नियम इतक्यांदा ऐकलेत, की मी "खरं सांगायचं तर" म्हटलं की दोघी उठून जातात. लग्नाच्या आधी मी मंजिरीला असंही सांगितलं होतं की कॉलेजात आमचा बँड होता आणि मी गिटार वाजवायचो. बँड होता हे खरं आहे. त्याची एक मीटिंग झाली. बँडचं नाव काय ठेवायचं यावरून त्याच मीटिंगमध्ये भांडण होऊन तो फुटला. गिटार हातात घ्यायची वेळच आली नाही. पण नव्या नव्या ओळखीत एवढा तपशील कोण सांगतं? मी सारांश सांगितला.

सईने प्रणवशी लग्न ठरवलं. प्रणवचं घर बेंगळुरूतल्याच जयनगरचं. त्यांचे पूर्वज काहीशे वर्षांपूर्वी इकडे आले ते इकडचेच झाले. घरात मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडात पोचतं. वडील एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आईला अक्का.

पहिल्या भेटीला निघालो तेव्हा गाडीत सई म्हणाली, "बाबा, तिथे गाण्यांचा विषय काढू नकोस." मी समजलो. भजनी माणसं असणार. माझा रॉक त्यांना झेपायचा नाही.

विषय मी काढला नाही. अण्णांनीच विचारलं, गाणी ऐकता की नाही तुम्ही? मी उत्तर दिलं. ते चाळीस मिनिटं चाललं. नियम सांगितले, त्यांचे अपवाद सांगितले, अपवाद का नाहीत तेही सांगितलं. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग उठून त्यांनी कपाटातून एक जुनी कॅसेट काढली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातली. "स्वल्प हे ऐकून सांगा की."

गाणं तीन मिनिटांचं होतं. प्रेयसी जिवंत होती. कीबोर्ड तर पहिल्या सेकंदापासून. मला वाटलं जाणकाराची परीक्षा चालली आहे, आणि परीक्षेत हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, गिटारवाला दहावी पास झाला म्हणून घरच्यांनी गिटार घेऊन दिलेली दिसते. कीबोर्ड ऐकून दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टची आठवण येते. आणि गाणारी बाई म्हणजे, कुकरची रिंग गेली की वाफ बाजूने जाते ना, तसा आवाज.

सई पंख्याकडे बघत होती. प्रणव सईकडे. अक्का कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर पेला ठेवला आणि म्हणाल्या, "गिटार यांचं. कीबोर्ड माझं. गाणंही मीच म्हटलंय."

कारखान्याच्या क्लबात त्यांचा बँड होता. आहे. अजून दर रविवारी तालीम होते.

रॉकमध्ये याला स्तुती म्हणतात, असं मी म्हणून पाहिलं. ते कुणाला पटलं नाही. अण्णा आपला पेला उचलून आत गेले, मागोमाग प्रणव गेला. ते दोघे परत आले तेव्हा खोलीत शांतता होती, आणि ती भरून काढायला मंजिरी म्हणाली, "अहो, यांचा कान जरा तिखट आहे. स्वतः वाजवायचे ना कॉलेजात. गिटार."

अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग रविवारी या. साखरपुड्याला आमचा बँड वाजवणार आहे. एक माणूस कमीच आहे."

परतीच्या वाटेवर सिल्क बोर्डचा सिग्नल येईपर्यंत सई बोलली नाही. तो सिग्नल मोठा असतो, त्यामुळे तिला सगळं सांगायला वेळ मिळाला. निघताना प्रणवने तिला सांगितलं होतं, की अण्णा आत त्याला म्हणाले, लग्नाची घाई नको करायला. घर नीट बघून घेऊ. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, रविवारी नीट वाजव. प्लीज."

त्या आठवड्यात मी गिटार शिकायचे बरेच व्हिडिओ बघितले. रविवारी ट्रॅफिक माझ्या बाजूने उभा राहील अशी आशा होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा रस्ता रिकामा मिळाला.

जयनगरच्या दिवाणखान्यात अण्णा, अक्का आणि कारखान्यातले दोन निवृत्त मित्र वाद्यं जुळवत बसले होते. अण्णांनी स्वतःची गिटार माझ्या हातात दिली. मी ती मांडीवर घेतली. अक्कांनी एक नजर टाकली आणि बाकीच्यांना कॉफी बघायला आत पाठवलं.

"उलटी धरलीय तुम्ही," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. एकच मीटिंग, नावावरून भांडण, सारांश. माझं झाल्यावर अक्का म्हणाल्या, "यांनाही येत नव्हतं की. मी गाते म्हणून हे क्लबात आले आणि गिटार येतं म्हणून थाप मारली. मग बोटांना फोड येईस्तोवर शिकले. ती टेप त्याच वर्षाची. वाईटच वाजवलंय, माझं गाणंही वाईटच. पण ते त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जा, त्यांना भेटून या."

मी स्वयंपाकघरात गेलो. अण्णा दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्यावर नजर ठेवून उभे होते. मी त्यांना सांगितलं, की मला गिटार येत नाही, कधीच येत नव्हतं, आणि त्या दिवशी बोललो ते मूर्खासारखं बोललो. त्यांनी गॅस बारीक केला. चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे मी तुमच्यापेक्षा बरा की," ते म्हणाले, आणि माझा हात धरून बाहेर घेऊन आले. लग्न तिथेच ठरलं.

अक्कांनी मला खंजिरी दिली. एक, दोन, तीन, चार असं मोजायचं आणि फक्त दोनवर आणि चारवर वाजवायची. माझा हात लहानपणापासून आरतीत घडलेला, तो एकवर पडायचा. मी दोनवर नेला की तो तीनवर थांबायचा. दोघा मित्रांपैकी बास गिटार वाजवणारे काका प्रेमळ होते. ते म्हणाले, मनातल्या मनात वाजवून बघा.

संध्याकाळी घरी येऊन मी मंजिरीसमोरही कबुली दिली. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे. सासूबाईंनी लग्नाआधीच सांगितलं होतं, याला टाळीसुद्धा तालात येत नाही म्हणून."

"मग जयनगरला तसं का सांगितलंस?"

"तुम्हाला गप्प करायला दुसरं काही सुचलं नाही."

साखरपुडा छान झाला. अक्का मनापासून गायल्या. सगळी गाणी तीन-चार मिनिटांची, सगळ्या प्रेयसी धडधाकट, आणि कीबोर्ड तर विचारूच नका. चौथ्या गाण्यात मला दोन आणि चार सापडले. आयुष्यात पहिल्यांदा मी बँडमध्ये होतो. डोळे मिटले. उघडले तेव्हा गाणं केव्हाच संपलं होतं आणि मी एकटाच वाजवत होतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं ही माझी खास जागा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही तालात.

लग्नानंतरही मी दर रविवारी तालमीला जातो. सध्या एक संथ गाणं बसवतो आहोत. त्यात खंजिरी एकदाच वाजते, अगदी शेवटी. तो ठोका अक्कांनी तूर्त अण्णांकडे दिला आहे.