दोन लाल रेघा

आमच्या शाळेत अकरावी-बारावीला हिशेबलेखन शिकवणाऱ्या सरांना सगळे ताळेबंद सर म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा. मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, भूगोल शिकवते आणि गेले तीन आठवडे त्यांच्यावर रागावलेली आहे. तरी घडलं ते खरं तेच सांगते.

सर स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत महाहट्टी. बेरीज स्वतः बोटांवर केल्याशिवाय खरी मानायची नाही आणि जुळली की तिच्याखाली लाकडी पट्टीने दोन लाल रेघा मारायच्या. हिशेब संपला, आता कुणी बोट लावायचं नाही, असा त्याचा अर्थ. एकतीस वर्षं हा नेम चुकलेला नाही. घरच्या किराणा यादीखालीही त्या रेघा असतात असं वहिनी सांगतात.

अशा माणसासमोर शाळेने स्मार्ट बोर्ड आणून ठेवला. सगळ्या वर्गांत मिळून एकच.

मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावून सांगितलं, "सोमवारी तपासणीला साहेब येतायत. तुमचा तास बोर्डावर बघणार आहेत. नाही जमलं, तर तुमचा विषय रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर शिकवतील आणि तुम्हाला ग्रंथालयात बसवतील."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ग्रंथालयात पुस्तकं पुष्कळ आहेत, पण बेरजा चुकणारी मुलं नाहीत, आणि त्यांच्याशिवाय या माणसाला करमत नाही.

कॉम्प्युटर मॅडमनी आठवडाभर शिकवणी घेतली. सर शिकलेही. आकडे भरले, बेरीज आपोआप आली, ती बोटांवर तपासूनही झाली. आता रेघा! बोर्डाच्या पेनाने पहिली रेघ गांडुळासारखी आली. दुसरी मारताना कोपर टेकलं आणि सगळं पानच पुसलं गेलं. चौथ्यांदा असं झाल्यावर सरांचा तोल गेला. त्यांनी खिशातून खोक्यांवर नावं घालायचं जाड लाल पेन काढलं, बोर्डाला पट्टी लावली आणि दोन रेघा ओढल्या. एकदम सरळ.

"अहो सर, ते कायमचं आहे!" मॅडम किंचाळल्या.

"हिशेब कायमचाच असतो," सर म्हणाले, आणि मग त्यांना कळलं.

शिपाईकाकांनी साबण, सोडा, लिंबू सगळं करून पाहिलं. बोर्डाची चकाकी गेली, रेघा नाही गेल्या. दुसऱ्या दिवशी मी जगाचा नकाशा लावला, तर एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, विषुववृत्तं दोन कधी झाली?" मी स्टाफरूममध्ये येऊन सरांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सोमवार उजाडला. साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले. मी दाराशी उभी होते. म्हटलं, आता ग्रंथालयच.

सरांनी घसा खाकरला. "मुलांनो, रेघा आधीच मारून झाल्यात. म्हणजे आता बेरीज चुकवायची सोयच नाही. आधी सगळ्यांनी स्वतः करा, मग आपण बोर्डाची बेरीज त्या रेघांवर आणू."

वर्ग बोटं मोजायला लागला. मग सरांनी पान हळूहळू सरकवलं आणि मुलं ओरडायला लागली, "वर सर! अजून वर! फार झालं, खाली!" शेवटी बेरीज बरोब्बर रेघांवर येऊन बसली, तेव्हा सामना जिंकल्यासारखा गलका झाला.

त्या गलक्यात मागून एक बारीक आवाज आला. "माझी नऊने कमी येतेय."

ते साहेब होते. बोटं अजून हवेत.

"नऊचा फरक?" सर जागेवरूनच म्हणाले. "मग कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय. बघा, त्रेसष्टचे छत्तीस केले असतील... नाही, तो सत्तावीसचा फरक. चोपन्नचे पंचेचाळीस केलेत का?"

साहेबांनी वहीवरून बोट फिरवलं आणि त्यांचे कान लाल झाले. "केलेत."

"होतं असं," सर मायेने म्हणाले. "अकरावीत सगळ्यांचंच होतं."

साहेबांनी खोडलं, पुन्हा बेरीज केली आणि जुळल्यावर इतके खूश झाले की मलाच भरून आलं. राग बाजूला ठेवून सांगते, डोळे पुसावे लागले. समोरच्याचं बोट नेमकं कुठे घसरलं हे कुठला व्हिडिओ सांगणार होता?

जाताना साहेबांनी तपासणीच्या वहीत लिहिलं, 'सर वर्गातच हवेत.' सही केली, क्षणभर थांबले आणि हात पुढे करून म्हणाले, "सर, जरा पट्टी द्या. आणि ते लाल पेन."

सर जिंकले, छानच झालं. माझी विषुववृत्तं मात्र अजून दोनच आहेत.