शंकरपाळ्यांच्या जागी जपान

"माझ्या ताटात जपान कोणी घातलं?"

आई ओरडली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. तिचा आवाज असा, की कोथरूड डेपोत उभ्या असलेल्या एका बसचं इंजिन आपोआप सुरू झालं आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला न विचारता मीटर टाकायला तयार झाला. खोटं वाटेल, पण मीटिंगमधल्या बंगळूरच्या साहेबाला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी तोसुद्धा घाईघाईने "सॉरी" म्हणाला.

आई दारात उभी होती. एका हातात माझ्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यातून काढलेलं, जपानी अक्षरांचं रिकामं पाकीट. दुसऱ्या हाताचं बोट माझ्या कीबोर्डवर, जिथे शंकरपाळ्यांचा चुरा पडला होता. इतका पुरावा एकदम मिळाला तर पोलीससुद्धा गोंधळून जातील.

आता जपान आमच्या घरात शिरलं कसं, ते सांगतो. पुण्यात दर तिसऱ्या घरात कोणीतरी जपानी शिकतं. आमच्या घरी आईने नवा गुडघा घेतला त्याच वर्षी बायकोने जपानीचा क्लास लावला. तिथल्या सरांनी सांगितलं, जिभेला भाषा हवी असेल तर आधी चव द्या. झालं. दर महिन्याला जपानहून पारंपरिक खाऊचं एक खोकं यायला लागलं.

पहिलं खोकं उघडलं तेव्हा आई समोर येऊन बसली. जगात खायचं म्हणून जे काही आहे ते इथूनच गेलेलं आहे आणि वाटेत बिघडलेलं आहे, असं तिचं ठाम मत. पण त्याआधी सुनेला हुकूम: "मासा आहे का ते बघ." क्लासमध्ये बायकोला ज्या चार चित्राक्षरांची खात्री होती त्यांतलं एक माशाचं. त्या एका अक्षरावर आमच्या घराचं सोवळं टिकून राहिलं.

मग निकाल लागायला सुरुवात झाली. साखरेचे रंगीत काटेरी दाणे निघाले. आईने एक दाताखाली धरला. "हा संक्रांतीचा हलवा. काटा बरा आलाय, पण आतला तीळ वाचवलाय."

तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण. "पुरण. वेलदोडा विसरले."

सोया सॉस लावून भाजलेली तांदळाची चकती. "पापड भाजायला घेतला आणि तेवढ्यात फोन आला असेल."

एक खारवलेलं वाळकं फळ होतं, ते तिने मला आधी खायला लावलं. माझा डावा डोळा मिटला तो गुरुवारी उघडला. तिने उरलेली पुडी हळूच उचलून आपल्या आवळासुपारीच्या डबीत ओतली.

दुसऱ्या महिन्यापासून मात्र ती पाच तारखेनंतर गॅलरीत फेऱ्या मारायची. "खोकं आलं नाही वाटतं अजून. नाही, मला काय त्याचं. कपाटात जागा करायची का, म्हणून विचारलं."

तर त्या दिवशी दिवाळीला आठ दिवस होते, आणि आईचं एक मोठं काम वर, दोन मजले वर, अडकलेलं होतं.

आमच्या सोसायटीत दिवाळीच्या स्नेहमेळाव्याचा फराळ घराघरांतून येतो. कोणी काय करायचं ते ठरवतात चौथ्या मजल्यावरच्या बाई. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आधी चवीला ताट मागवतात, दोन घास खातात आणि एक वाक्य बोलतात. एका घराला त्यांनी "अनारसा धीट आहे" असं सांगितलं होतं. त्या घराने पुढच्या वर्षी फ्लॅट विकला.

शंकरपाळी कायम आईची. पण मागच्या वर्षी तिचा गुडघा झाला, आणि सगळ्यांनी मिळून प्रेमाने ठरवलं की आजींना त्रास नको. शंकरपाळी दुकानातून आली. आई मेळाव्यात पहिल्या रांगेत बसली, सगळ्यांशी हसून बोलली आणि घरी आल्यावर म्हणाली, "त्रास नको म्हणजे माणूस बाद." त्यानंतर तिने वर्षभर जिन्यात व्यायाम केला. मी विचारलं तर म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी काही सांगितलेलं नव्हतं.

तर यंदा बाईंना चवीला पाठवायच्या ताटात तिने चारच पदार्थ ठेवले. मध्ये शंकरपाळ्यांचा ढीग, वर क्रोशाचा रुमाल. "मीटिंग संपली की बाईंना देऊन ये," म्हणाली, आणि ताट माझ्या टेबलावर ठेवलं.

इथे दोष मीटिंगचा आहे. साहेब पाऊण तास एकच तक्ता दाखवत होता. कॅमेरा बंद होता. मी रुमाल सहज उचलून पाहिला. एक शंकरपाळं घेतलं. ते एकटं पडू नये म्हणून दुसरं. तक्ता संपला तेव्हा ताटाच्या मध्यभागी एवढं मोठं मैदान झालं होतं की तिथे मुलांनी क्रिकेट खेळावं.

अर्धं ताट घेऊन बाईंच्या दारात जाणं शक्य नव्हतं. उरलेल्या शंकरपाळ्यांचा डबा स्वयंपाकघरात, आणि डब्याशेजारी आई. हाताशी होतं त्या महिन्याचं ताजं खोकं. त्यात मैद्याच्या तळलेल्या कांड्या होत्या, वरून काळ्या गुळासारख्या साखरेचा पाक. मैदा, तेल, साखर. म्हणजे तत्त्वतः शंकरपाळंच. रंग थोडा रात्रीकडे झुकलेला. पण बाईंना मोतीबिंदू आहे. मी मैदान भरलं, रुमाल घातला, ताट वर देऊन आलो आणि मोठ्या समाधानाने पुढच्या मीटिंगला बसलो.

"अगं, मागवून घेतो ना ताट," मी पाकीट धरून दारात उभ्या आईला म्हणालो.

"सहा वाजले. बाई पाचला चहा घेतात." आई चप्पल शोधत होती.

"मग मी जाऊन सांगतो."

"तू जपानबद्दल बोलशील. माझ्याबद्दल कोण बोलणार?"

लिफ्ट आठवडाभर बंद होती. "दुरुस्तीसाठी बंद. कधी सुरू होईल हे विचारल्यास आणखी उशीर होईल," असा कागद तिच्यावर लावलेला. आई कठड्याला धरून चढायला लागली. मी मागे शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. मला वाटलं गुडघा.

"बरी होती का रे?" तिने विचारलं.

"काय?"

"शंकरपाळी. तूच खाल्लीस ना सगळी."

मी म्हणालो, म्हणूनच तर सगळी खाल्ली. उरलेला जिना तिने कठडा न धरता चढला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

बाईंनी दार उघडलं. मागे टेबलावर ताट दिसत होतं. चकली होती, लाडू होता. काळ्या कांड्यांपैकी एकच, तीही अर्धी, उरली होती.

आई दारातच उभी राहिली. "बाई, त्या काळ्या कांड्या माझ्या नव्हेत. जपानच्या आहेत. माझी शंकरपाळी ह्याने खाल्ली. नापास करायचं तर करा, पण ते माझं म्हणून नको. माझं हे, ह्या डब्यात आहे. मला कोणी त्रास नको म्हणालेलं नकोय."

बाईंनी माझ्या हातातला डबा घेतला. झाकण उघडलं, एक शंकरपाळं मोडून पाहिलं, निम्मं खाल्लं. मग चष्म्यावरून माझ्याकडे, आणि आईच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"जिन्याने आलात?"

"हो. लिफ्ट बंद आहे."

"मग पाच किलो करा. शुक्रवारपर्यंत लागतील. आणि जाताना दार ओढून घ्या, डास येतात."