सूर्य न उगवणाऱ्या गावाची तयारी

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार. रजयांची रुई पिंजून घ्यायची होती. नया बाजारातला पिंजारी सकाळीच आला आणि अंगणात त्याची तात टणत्कारायला लागली. घरच्या तीन रजया होत्याच. शिवाय उरलेल्या रुईची एक जाड बंडी शिवायची होती, ती माझ्यासाठी. डिसेंबरच्या शेवटी मला मुर्मान्स्कला जायचं होतं.

मी ग्वाल्हेरात, लश्कर भागातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. रशियातल्या शाळा बघायला शिक्षिकांचं एक मंडळ जाणार होतं, त्यासाठी मध्यभारताच्या शिक्षण खात्यानं उन्हाळ्यात माझं नाव पाठवलं. नाव मंजूर होऊन आलं तोवर मध्यभारतच राहिला नव्हता. एक नोव्हेंबरपासून आम्ही मध्यप्रदेशात. खात्याची कपाटं ट्रकमध्ये घालून भोपाळला गेली आणि तिथून मला पत्र आलं : जुन्या खात्याची शिफारस नव्या खात्याला मान्य आहे, होकार बुधवारच्या आत तारेनं कळवा, नाहीतर जबलपूरच्या एका बाईंचं नाव जाईल. होकार द्यायचा हे माझं ठरलेलंच होतं. थंडीची भीती वाटत होती, पण थंडीला उपाय असतो. लोकरीचे मोजे दोनावर दोन, कानटोपी, छातीला चोळायला कापूर घातलेलं तेल, असं सगळं मी पलंगावर मांडून ठेवलं होतं.

हे ओसरीवर पेपर वाचत बसले होते. ह्यांची कचेरी हिशेबखात्याची. तिथलेही निम्मे लोक भोपाळला जाणार होते आणि कोणते निम्मे ते कोणालाच कळत नव्हतं. त्यामुळे ह्या दिवसांत हे एकतर गप्प असत, नाहीतर थट्टा करत.

“अगं, तुझ्या त्या गावात डिसेंबरात सूर्य उगवतच नाही ना?”

“नाही. दीड महिना काळोख. दुपारी थोडं फटफटतं, एवढंच.”

“मग बाईसाहेब जेवणार केव्हा? संक्रांतीला?”

पिंजारी हसला. त्याला काय कळलं देव जाणे. माझ्या हातातून मात्र बंडीचं कापड खाली पडलं.

आठवीच्या वर्गाला मी दर वर्षी फळ्यावर गोल काढून दाखवत असे, की पृथ्वीचा आस कलता असल्यामुळे ह्या रेषेच्या वर हिवाळ्यात सूर्य क्षितिजावर येत नाही. मुर्मान्स्कचं बंदर गरम प्रवाहामुळे गोठत नाही, हेही शिकवत असे. आणि सूर्य दिसल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही हा नेम मी स्वतः रोज पाळत असे. ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींशेजारी आल्याच नव्हत्या.

हा नेम मुलीसाठी होता. ती सहा वर्षांची असताना तिला सांधेताप झाला. गुडघे सुजले, मग छाती धडधडायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप अधू झाली आहे, जगेल की नाही आत्ता सांगता येत नाही. सासूबाईंनी मला हातावरून पाणी सोडून हा नेम घ्यायला लावला. मुलगी उठली. सासूबाई पुढे दोन वर्षांनी गेल्या आणि नेम माझ्याकडे राहिला. माझा अशा गोष्टींवर विश्वास होता का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणाले असते. पण मोडायची छाती नव्हती. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की सूर्य दिसेपर्यंत मी नुसत्या पाण्यावर राही, अगदीच दिवसभर नाही दिसला तर संध्याकाळी दूध. शाळेत शिपाईणबाई सगळ्यांना बजावत, “आज बादल हैं, मॅडमजी से कुछ मत माँगना.”

दुपारी माधवगंजात आमच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

“प्रवासात सूट असते, वहिनी. आजाऱ्याला, गरोदर बाईला, प्रवाशाला.”

“प्रवासात सूर्य असतो, गुरुजी. तिथे नाहीच आहे.”

“मग उद्यापन करा. एक मेहूण जेवायला घाला, नेम पुरा झाला. एवढं काय त्यात!”

“आणि नंतर काही झालं तर?”

गुरुजींनी अडकित्ता थांबवला. “त्याची हमी मी कशी देणार?” असं म्हणाले. खरं बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. पण परत येताना सगळा रस्ता मला एकच दिसत होतं. मी तिकडे अंधारात बशीतला पाव उचलते आहे आणि इकडे मुलीचे ओठ निळे पडताहेत. तार पोचायला किती वेळ लागेल, परत यायला किती दिवस, मी चालता चालता हिशेब घालत होते. घरी आले ती सरळ पलंगाकडे गेले आणि मांडलेले मोजे, टोपी सगळं पेटीत परत टाकायला लागले. जबलपूरच्या बाई जाऊ देत.

संध्याकाळी मुलगी मैत्रिणीकडून आली. पंधरा वर्षांची, मॅट्रिकचं वर्ष. जिना चढली की अजून खांबाला धरून उभी राही.

“हे काय? जात नाहीस तू?”

“नाही. शाळेत कामं आहेत.”

“झूठ! बाबा, ही का जात नाहीये?”

हे पेपरमागे गेले. पण तिनं पेपर ओढला आणि ह्यांनी सांगून टाकलं. ती माझ्याकडे वळली.

“मतलब, माझ्यामुळे? सगळ्या शाळेत सांगून झालंय माझं, की आई रशियाला चाललीये. आता काय सांगू, मेरी माँ इसलिए नहीं गई कि मैं मर जाऊँगी?”

“तोंड आवर.”

“नाही आवरत. बरं, असं कर. तुझा नेम मला दे. तू येईपर्यंत मी पाळते. इथे तर सूर्य आहे ना!”

ती हे रागानं म्हणाली, पण म्हणता म्हणताच तिला ते पटलं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. ग्वाल्हेरचं डिसेंबरातलं धुकं मला माहीत होतं. कधीकधी बारा वाजेपर्यंत समोरचा माणूस दिसत नाही, सूर्य कुठला? आणि हिला सकाळी उठल्याबरोबर दूध-खाणं आणि त्यावर गोळी, हे डॉक्टरांनी बांधून दिलेलं.

“मुळीच नाही. तू उपाशी राहायचं नाहीस.”

“तू राहतेस ते? तू करतेस तर मी का नाही? उद्यापासूनच करते, म्हणजे सवय होईल.”

“अहो, सांगा ना तिला काही!”

“मी काय सांगू?” हे म्हणाले. “तुझ्यावरच गेली आहे.”

नेम खोटा आहे म्हणावं, तर मी इतकी वर्षं काय केलं? खरा आहे म्हणावं, तर तो घेण्यापासून तिला कसं अडवणार? ती खरंच सकाळी दुधाला हात लावणार नाही, हे मी ओळखून होते. पोळ्या लाटताना माझा विचार पक्का झाला. जे व्हायचं असेल ते मी इथे असताना होऊ दे. डॉक्टर दोन गल्ल्यांवर आहेत, मी जवळ आहे.

दुसऱ्या दिवशी काळोख असतानाच उठले. शेगडी पेटवली, चहा ठेवला, रात्रीची पोळी तव्यावर गरम केली. खिडकीबाहेर अजून काही दिसत नव्हतं. पहिला घास तोंडात घेतला. चहाचा घोट घेऊन गिळला. अख्खी पोळी खाल्ली, अर्धी खाऊन चालणार नव्हतं. मग मुलीच्या खोलीत गेले आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवून बसले. श्वास चालू होता, जसा रोज चालतो तसाच, थोडा भरभर. उजाडेपर्यंत मी हात काढला नाही.

ती उठल्यावर दुधाचा पेला, लाडू आणि गोळी पुढे ठेवली.

“मी खाल्लं,” म्हटलं. “सूर्य उगवायच्या आधी. आता तुला घ्यायला नेमच राहिलेला नाही.”

तिनं स्वयंपाकघरात जाऊन माझी खरकटी ताटली बघितली. मग आली आणि दूध प्यायली.

शाळेला निघालो तेव्हा मी तिच्या अर्धं पाऊल मागून चालले, श्वास ऐकू यावा म्हणून. “आई, शेजारून चाल ना,” ती म्हणाली, पण मी तशीच चालले. तारघरापाशी तिला पायरीवर बसवलं आणि आत जाऊन भोपाळला होकाराची तार लिहिली. तेवढ्यात दोनदा बाहेर येऊन बघितलं. ती खिशातली तिळाची गजक खात होती.