मागून बसणाऱ्या बायका

आमच्या घरी बायका मागून जेवायच्या. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि सगळ्यांचं उरकलं की आम्ही तिघी जावा चुलीपाशी बसायचो. हे ऐकलं की माझ्या नातीला वाईट वाटतं. ती म्हणते, तुमच्यावर अन्याय झाला. झालाच. भाजी संपलेली असायची. भरिताचं पातेलं भाकरीने पुसून खायचं आणि उरल्या वरणात पाणी घालून ते तिघींना पुरवायचं. तरी त्या जेवणाची मी सकाळपासून वाट बघायचे. दिवसभरात तेवढाच वेळ आमचा असायचा.

थोरली जाऊ बसता बसता सुरू करायची, "आज मामंजींनी तीनदा वरण मागितलं. पोटात विहीर खणलीय का काय!"

धाकटी म्हणायची, "विहीर नाही वहिनी, नळ. वरून घाला, खालून जातं."

मग आम्ही तोंडावर पदर धरून हसायचो. पुढच्या खोलीतून सासूचा आवाज यायचा, "काय खिदळताय गं?"

"काही नाही आत्याबाई, हिला ठसका लागला."

पुढे भाऊ वेगळे झाले. जळगावात माझ्या दोन खोल्यांत गॅस आला, कुकर आला. ज्या कामाला अर्धा दिवस जायचा ते तासात व्हायला लागलं. नवरा आणि मुलगा टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचे. मी त्यांना वाढून ओट्यापाशी खाली बसायचे. मागून जेवायची सवय तशीच राहिली, फक्त सोबत कोणी उरलं नाही. तेव्हा मला ते फारसं जाणवलं नाही. कामं होती.

नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे अमेरिकेत, फ्रिस्कोला आणलं. थोरली जाऊ वारली आहे. धाकटी लेकीकडे असते, तिला आता ऐकू येत नाही. फोनवर ती नुसती "हो, हो" म्हणते.

इथे सून रविवारी आठवड्याचं करून ठेवते. एका दुपारी चार भाज्या, डाळ, भात, सगळं डब्यांत भरून फ्रिजमध्ये. स्वयंपाक वाईट नसतो. पुण्याची आहे, भरितातसुद्धा साखर घालते, तेवढं सोडा. ती नोकरी करते, घर बघते, पोरीला गाडीने इकडून तिकडे नेते. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ज्याला भूक लागेल तो डबा काढतो, मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो आणि खातो. मुलगा लॅपटॉपसमोर खातो. नात गाडीत खाते, नाहीतर तिच्या खोलीत. सून संध्याकाळनंतर काही खातच नाही, तिचा तसा नियम आहे.

आणि मी थांबायचे. घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय माझ्या हाताने घास उचलवत नाही. पन्नासाहून जास्त वर्षांची सवय, ती विमानात बसवून आणली म्हणून सुटत नाही.

एका संध्याकाळी मी जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेतली आणि नातीची वाट बघत बसले. ती पोहायला गेली होती. येता येता मैत्रिणीकडे जेवली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा वर कॉलवर होता. मला घाम फुटला, हात कापायला लागले, आणि मी फ्रिजला टेकून खाली बसले. सून आली तेव्हा मी तशीच होते. तिने संत्र्याचा रस पाजला.

जरा बरं वाटल्यावर तिने विचारलं, "आई, तुम्ही थांबला होता कोणासाठी?"

"शेवटच्या माणसासाठी."

"इथे शेवटचं कोणी नसतं हो. मी तर खातही नाही या वेळी."

मुलगा खाली आला तो रागावूनच. घाबरला की तो रागावतो, बापासारखा. "आई, उद्यापासून सहा वाजता तू जेवायचंस. कोणी असो, नसो. पुन्हा असं झालं तर घरी एखादी बाई ठेवावी लागेल तुझ्यापाशी."

"परकी बाई आणून मला जेवू घालणार? त्यापेक्षा तुम्हीच बसा माझ्याबरोबर."

"रोज कसं जमणार?"

"रोज कोण म्हणतंय? शुक्रवारी बसा."

त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "जमवू या." तोवर घरी आलेली नात म्हणाली, "ओके आजी, बट नो फिश." मासे मी जन्मात केलेले नाहीत, पण ती म्हणाली.

शुक्रवारी मी भरीत-भाकरी करायचं ठरवलं. गेली कित्येक वर्षं मी एवढं मनापासून काही केलं नव्हतं. इथली वांगी केवढाली आणि आतून पाणचट. मुलाने ती मागच्या अंगणात, ते मांस भाजायच्या जाळीवर भाजून दिली. मी हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात घातली. साखरेचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला. सुनेने बघितलं आणि हसली.

भाकरी घरात केली की धुराचा भोंगा वाजतो. म्हणून गॅरेजमध्ये दुसरी शेगडी ठेवली आहे. तिघं टेबलावर बसले, आणि मी गॅरेजमध्ये. एक भाकरी फुगली की आत नेऊन द्यायची आणि परत बाहेर.

सून म्हणाली, "आई, सगळ्या एकदम करून आणा ना. आपण गरम करून घेऊ."

"गरम करून? ती काय भाकरी राहील? चामडं होईल."

"मग बसा तरी."

"बसते. तू खा. गार होतेय."

नातीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. "धिस इज सो गुड, आजी!" मुलगा मान खाली घालून खात होता, लहानपणी खायचा तसा, न बोलता. मला बरं वाटलं. मी अजून थापत राहिले.

शेवटची भाकरी माझी. ती घेऊन आत आले तर टेबल पुसलेलं होतं. त्यांची ताटं भांडी धुवायच्या मशीनमध्ये गेली होती. मुलाचा फोन आला होता, नात वर गेली होती, सून तिचं काहीतरी ऑनलाइन बघत होती. माझं ताट ओट्यावर झाकून ठेवलं होतं, नीट, सगळं वाढून. मी उभ्यानेच खाल्लं.

कोणाचीच चूक नव्हती. मीच सगळ्यांना एकत्र बसायला बोलावलं आणि स्वयंपाक असा निवडला की करणाऱ्या बाईला बसताच येऊ नये. मला दुसरा येतच नाही. माझं सगळं रांधणं असंच आहे, पुढच्याला गरम वाढायचं.

पुढच्या शुक्रवारी मी सुनेला म्हटलं, "पिझ्झा मागव."

"तुम्हाला आवडतो?"

"नाही. मागव."

खोका आला, मधोमध उघडला, ज्याने त्याने उचलून घेतला. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसले. खुर्चीवर पाय खाली टेकत नाहीत, तरी बसले. नात शाळेचं काही सांगत होती, इंग्रजीत, भराभर. मुलगा हसला, सून हसली. मुलगा माझ्यासाठी मराठीत सांगायला लागला, पण तोवर ते पुढच्या गोष्टीवर गेले होते.

मलाही काहीतरी बोलावंसं वाटलं. सुचेना. जावांबरोबर कधी अडलं नव्हतं. पण तिथे आम्ही जेवून गेलेल्यांबद्दल बोलायचो. इथे सगळे समोरच बसलेले. यांच्याबद्दल मी कोणाशी बोलणार?

"आजी, यू लाइक इट?" नातीने विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं.

शुक्रवार आम्ही चालू ठेवला आहे. इतर दिवशी मी सहा वाजता डबा काढते, गरम करते आणि जेवते. आता कोणासाठी थांबत नाही. मुलगा वरून ओरडून विचारतो, "आई, जेवलीस का?" मी खालून "हो" म्हणते.